तिसऱ्या अंकातला नाकेदार

साजटोल्याच्या मंडईत त्या वर्षी ‘कुऱ्हाडीचा कौल’ हे नाटक करायचं ठरलं, आणि त्याच मंडईला सुगंधाबाईच्या पोरीला पाहायला नदीपलीकडची माणसं येणार होती. यात कोणाचा डाव नव्हता. दिवाळी झाली की या भागात गावोगावी मंडई भरते, घरोघरी पाहुणे उतरतात, रात्रभर नाटक चालतं आणि सकाळच्या पंगतीत सोयरिकी ठरतात. चामोर्शीकडचे रामाजी मुलासाठी मुलगी पाहत होते. ते दुसऱ्या कुठल्या दिवशी कशाला येतील?

नाटक खुनाचं होतं. खून खरा होता. मारला गेलेला माणूस सुगंधाबाईचा नवरा होता, आणि ज्याने त्याला मारलं तो नाटकात स्वतःचंच काम करणार होता.

नथ्थू जंगल खात्यात नाकेदार होता. १९५३ च्या उन्हाळ्यात, हा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हा, साजटोल्याजवळच्या नाल्यावर त्याचं प्रेत सापडलं. मानेवर मागून कुऱ्हाडीचा एकच घाव होता. त्याआधी थोडेच दिवस त्याने मुखरूची सागाच्या लाकडांनी भरलेली बैलबंडी धरली होती. पोलिसांनी मुखरूला नेलं. गावातल्या माणसांनी कोर्टात सांगितलं, की त्या दुपारी मुखरू आमच्यासोबत तेंदूची पानं तोडत होता. सगळ्यांनी एकच सांगितलं. मुखरू सुटला आणि बंडीत बसून गावात आला. बायांनी त्याला ओवाळलं.

नथ्थू चांगला नाकेदार होता असं म्हणणारा माणूस त्या टापूत सापडला नसता. तो कोंबडी मागायचा, तूप मागायचा. सरपणाची मोळी आणणाऱ्या बायांना तो उन्हात उभं करून ठेवायचा. लोकांच्या कुऱ्हाडी हिसकून त्यांचे दांडे तो चुलीत घालायचा, आणि ते जळताना सुगंधाबाईने पाहिले होते. घरात तो फारसा बोलत नसे. पण परक्या बाईकडे त्याने वाकडं पाहिलं असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. तसं काही असतं तर गावाने त्याला चार वर्षं नाक्यावर राहू दिलं नसतं.

मुखरू गावाला आवडायचा, आणि तो आवडावा असाच होता. कोणाच्या घरी मयत झाली की खड्डा खणायला तो पहिला जायचा. तापाने पडलेल्याच्या उशाशी तो बसून राहायचा. तहसीलदाराची आणि कोतवालाची अशी नक्कल करायचा की कोतवालही हसायचा. सुटून आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो सुगंधाबाईच्या दारी गेला. ती या गावचीच लेक, एकुलती एक. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन बापाच्या रिकाम्या घरात येऊन राहिली होती. गावनात्याने मुखरू तिचा भाऊ लागत होता आणि तिची पोर पारबता त्याला मामा म्हणायची. त्याने खांद्यावरचं धानाचं पोतं ओट्यावर ठेवलं, खाली बसला आणि झालं ते सगळं तिला सांगितलं. नथ्थू जोडे काढून नाल्याशी बसला होता. ओंजळीने पाणी पीत होता. मुखरू मागून गेला. नथ्थूने वळून पाहिलं नाही. एवढं सांगून मुखरू रडला. सुगंधाबाई रडली नाही. संध्याकाळी तिने त्यातलं धान कांडायला घेतलं, कारण घरात दुसरं धान नव्हतं.

त्यानंतर दर पावसाळ्याआधी तो तिचं छप्पर शाकारून द्यायचा आणि धानाच्या बांधीत चिखल करायला बैल घेऊन यायचा. ती त्याला नको म्हणत नसे. ये असंही म्हणत नसे.

हीच गोष्ट तो हळूहळू दुसरीकडेही सांगू लागला. कोर्टातून एकदा सुटलेल्या माणसाला पुन्हा धरत नाहीत, हे त्याला वकिलाने सांगितलं होतं. आधी शेकोटीपाशी दोघातिघांना, मग खळ्यावर, मग शेजारच्या गावच्या लग्नात. सांगता सांगता नाकेदाराला आवाज आला, चाल आली, मिशी पिळण्याची लकब आली. नथ्थूला मिशी नव्हती. नाटक मंडळाचे पुढारी वारलू यांनी ते ऐकून तीन अंक लिहिले. नुसती बंडी धरली म्हणून माणूस मारला, हे लोकांना पटणार नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून दुसऱ्या अंकात एक मोळीवाली बाई आली. नाकेदार तिला एकटी गाठतो, तिचा पदर धरतो, ती ओरडते. तिसऱ्या अंकात कुऱ्हाड चालते. मोळीवालीचं काम सुकलू करणार होता आणि त्याच्यासाठी मूलच्या बाजारातून लुगडं आलं होतं.

सुगंधाबाईला हे तालमीवरून येणाऱ्या बायांकडून कळलं. मुलीचा बाप नाकेदार होता आणि कामावर असताना मारला गेला, एवढं रामाजींना माहीत होतं. मंडईत बाकीचं कळणारच होतं. ते कळण्याला तिची हरकत नव्हती. पण पदर धरणाऱ्या माणसाची पोर कोण घरात घेणार? पारबताला त्या वर्षी सतरावं लागलं होतं आणि याआधीची दोन स्थळं बोलणं होण्याआधीच परत गेली होती.

ती आधी वारलूकडे गेली. वारलूंनी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि नाही म्हटलं. नाटकातल्या नाकेदाराचं नाव नथ्थू नाही, त्यामुळे तिने मनाला लावून घेऊ नये असं ते म्हणाले. दुसरा अंक काढला तर मुखरू नुसता खुनी दिसेल आणि लोक दगड मारतील, असंही म्हणाले. हे शेवटचं बोलून झाल्यावर ते जरा थांबले, पण शब्द मागे घेतले नाहीत.

मग ती मुखरूच्या बांधीवर गेली. हलकं धान कापणीला आलं होतं. मुखरू एकटाच कापत होता. तिला पाहून त्याने विळा कमरेला खोचला आणि बांधावर आला.

“बस बाई. तुले उन्हात कोनं धाडलं?”

ती उभीच राहिली. दुसऱ्या अंकातली बाई काढायची, एवढंच तिने सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. पाहुणे येणार हे त्याला ठाऊक होतं, रामाजींना आणायला नदीच्या घाटावर बंडी पाठवायचं त्यानेच ठरवलं होतं.

“काढतो,” तो म्हणाला. “वारलूभाऊले मी सांगतो. सुकल्या तं रडंनच, त्याचं नवं लुगडं वाया जाईन.” तो हसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. “आनि बाकीचं? तिसरा अंक?”

“तो जसा झाला तसा कर.”

“जसा झाला तसा म्हंजे?”

“तू मले ओट्यावर सांगतला होता तसा.”

मुखरू खाली बसला. धानाची एक काडी उचलून दातात धरली.

“बाई, चार वर्सांत मले कोनी इचारलं नाई का तो तवा काय करून राह्यला होता. सांगतो तं मीच सांगतो, आनि पानी पेत होता हे सांगतच नाई. लोक पाह्यतीन तं काय म्हनतीन मले?”

“जे हाये ते म्हनतीन.”

“तुले तेच पाह्यजे?”

तिला काय पाहिजे होतं हे तिला नीट सांगता आलं नसतं. पोरीचं लग्न पाहिजे होतं. ते सोडून आणखी काही असेल तर ते हेच असावं, की एकदा नाटकाच्या भर मांडवात सगळ्यांनी ते पाहावं आणि गप्प बसावं. तिने नुसती मान हलवली.

“बरं,” मुखरू म्हणाला. “बोललो म्हंजे बोललो.” आणि ती निघाली तेव्हा त्याने मागून सांगितलं, की पाहुण्यांना दूध लागेल, सकाळी तो गडवा भरून पाठवेल.

मंडईच्या दिवशी दुपारी रामाजी बायको आणि मुलगा घेऊन आले. वैनगंगा डोंग्याने ओलांडून, पुढे बंडीने. रामाजी मोठ्या आवाजाचे, जाड भुवयांचे, खाण्याची आवड असलेले गृहस्थ होते. मुलगा कमी बोलत होता. पारबताने पाणी आणलं. रामाजीच्या बायकोने तिला जवळ बसवून हात पाहिले, धानाच्या रोवणीचं काम येतं का विचारलं, आणि हात पाहूनच कळतं असं स्वतःच म्हणाली. बोलणं सकाळी पंगतीत करू असं ठरलं. मग सगळे नाटकाला गेले.

मांडव शाळेपुढच्या पटांगणात होता. पडदे आणि गॅसबत्त्या मूलच्या नूर मोहम्मदच्या होत्या. तो स्वतः बत्त्यांजवळ बसून दर तासाला हवा भरत होता. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. सुगंधाबाई, पारबता आणि रामाजीची बायको पुढेच बसल्या, कारण पाहुण्यांना पुढची जागा देतात.

पहिला अंक मुखरूचा होता. हिंदीत फर्मान सोडणारा साहेब, त्याला कळेल तसं उलटं मराठीत सांगणारा गडी, दोन्ही तोच झाला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. रामाजीच्या बायकोला हसून हसून ठसका लागला. पारबता हसली. एका ठिकाणी सुगंधाबाईही हसली. ते तिच्या लक्षात थोडं उशिरा आलं.

दुसऱ्या अंकात मोळीवाली आली नाही. सुकलूने नवं लुगडं नेसून एक गाणं म्हटलं आणि तो निघून गेला. वारलू पडद्याच्या कडेला उभे राहून चिडलेले दिसत होते. मुखरूने शब्द पाळला होता.

तिसरा अंक लागला तेव्हा पूर्वेकडे उजळत होतं आणि नूर मोहम्मद एकेक बत्ती बारीक करत होता. रंगमंचावर येनाच्या झाडाच्या डहाळ्या खोवल्या होत्या आणि मध्ये पाण्याने भरलेली परात ठेवली होती. तो नाला. नाकेदाराचं काम करणारा लटारू खाकी कोटात आला. त्या रात्री त्याने मिशी लावली नव्हती, म्हणजे मुखरूने त्यालाही सांगितलं असणार. तो बसला, जोडे काढून शेजारी ठेवले, ओंजळ भरून पाणी प्यायला. मागून मुखरू आला. कोणी काही बोललं नाही. नाकेदाराने कोणाला शिवी दिली नाही, कोणाची कुऱ्हाड घेतली नाही. तो दुसरी ओंजळ भरत होता. मुखरूने कुऱ्हाड उचलली आणि मारली. लटारू पुढे पडला, परातीतलं पाणी सांडलं.

मांडव गप्प होता. एक पोर कुठेतरी रडायला लागलं आणि त्याला गप्प केलं गेलं. मुखरू कुऱ्हाड घेऊन उभा होता आणि लोकांकडे पाहत होता. साजटोल्यात त्याला असं उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याचे खांदे पडले होते. सुगंधाबाईला वाटलं, झालं. तिला बरं वाटलं असं नाही. बऱ्याच वेळाने ओझं खाली ठेवल्यावर हात जसे हलके आणि बधिर वाटतात तसं वाटलं.

मग बाप्यांच्या बाजूने एक टाळी आली. एकाने शिट्टी मारली. मागून कोणीतरी म्हणालं, “वन्समोर.” हा शब्द इथे गाण्याला देतात. मारामारीला कोणी दिला असेल तर तो त्या रात्री पहिल्यांदा. मग चारजण म्हणाले, मग सगळा मांडव म्हणू लागला. रामाजी उठून उभे राहिले होते आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होते. शेजारच्या माणसाने त्यांच्या कानात, खरा नाकेदार कोणाचा बाप होता आणि त्याला कोणी मारलं, ते सांगितलं. रामाजींनी मुखरूकडे बोट दाखवून विचारलं, हाच का तो, आणि होय म्हटल्यावर आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

लटारू पालथाच पडलेला होता. तो तोंड न हलवता बोलला, पण सुगंधाबाई पुढे असल्याने तिला ऐकू आलं.

“मुखरू, उठू का?”

 मुखरूने बायांच्या बाजूला एकदा पाहिलं. मग टाळ्यांकडे पाहिलं. त्याचे खांदे वर आले, तोंडावर ओळखीचं हसू आलं.

“ऊठ,” तो म्हणाला.

लटारू उठला, कोट झटकला, परात सरळ केली. कोणीतरी घागरीतून त्यात पाणी ओतलं. तो पुन्हा बसला, पुन्हा ओंजळ भरली. या वेळी मुखरू पंज्यांवर चालत आला, ओठांवर बोट ठेवून त्याने लोकांना गप्प राहायची खूण केली, आणि लोक हसू दाबत गप्प राहिले. पोरंसुद्धा. कुऱ्हाड पडली तेव्हा मांडवात असा आवाज झाला की झाडावरचे बगळे उडाले. आणखी एक वन्समोर आला. तो मुखरूने घेतला नाही. हात जोडून पडदा पाडायला सांगितला.

घराकडे येताना पारबता आईच्या शेजारून चालत होती. रामाजीची बायको दुसऱ्या बायांशी बोलत पुढे गेली होती.

“आई, बाबा खरंच तसा बसला होता?”

“हो.”

“पानी पेत होता?”

“हो.”

 घर दिसू लागल्यावर पारबता म्हणाली, “मी पैल्या अंकात हासली.” सुगंधाबाई म्हणाली, की ती पण हसली. त्यावर पारबताने मान हलवली आणि दोघी चुलीकडे लागल्या, कारण पाहुण्यांच्या अंघोळी होईपर्यंत भात व्हायला हवा होता.

पंगत अंगणात बसली. गावातली चार मोठी माणसं, वारलू, रामाजी, त्यांचा मुलगा. रामाजींनी पहिल्या घासाआधीच सांगितलं, की मुलगी पसंत आहे, घर पसंत आहे, गाव तर फारच पसंत आहे. देण्याघेण्याचं त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मुलीला बाप नाही हे त्यांना माहीत होतं. पण लग्नाच्या मांडवात मुलीला घेऊन यायला, तिच्यामागे उभं राहायला मामा लागतो. मामा कोण?

सुगंधाबाई वाढत होती. सख्खा भाऊ नाही, असं तिने सांगितलं. गावातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना काही ठरवावं लागलं नाही. गावनात्याने मामा मुखरू, आणि आजवर घराला हात त्याचाच होता, असं वारलूंनी सांगितलं.

रामाजींचा घास हातात राहिला. “तो? रातचा तो?”

“तोच.”

“मंग बलावा ना गा. थो काऊन नाई इथी?”

मुखरूला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा कानामागे रंग राहिला होता आणि हातात दुधाचा गडवा होता. रामाजींनी त्याला आपल्या शेजारी जागा केली. मुखरू बसला नाही. गडवा ओट्यावर ठेवला आणि उभ्याउभ्याच, सगळ्यांसमोर सुगंधाबाईला म्हणाला,

“बाई, तू म्हन. तू नाई म्हनशीन तं मी चाललो. कोनी मनात आननार नाई.”

तो खरंच गेला असता. त्यात ढोंग नव्हतं. त्याचे डोळे भरले होते आणि ते पाहून रामाजींनीही डोळ्यांना उपरणं लावलं. त्यांनी बायकोकडे वळून सांगितलं, की माणूस मोठ्या मनाचा आहे.

तो गेला तर काय होईल ते सुगंधाबाईला दिसत होतं. रामाजी कारण विचारतील. सांगावं लागेल. रामाजींना ते आधीच ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडलं होतं, तेव्हा सांगायला उरलं होतं ते एवढंच, की तिला आवडलं नाही. जे रात्री सगळ्यांनी पाहिलं ते सकाळी एकटीने वेगळं पाहणाऱ्या बाईच्या घरातली पोर रामाजींनी नेली असती असं नाही.

पारबता दारात उभी होती. ती पुढे आली. आईच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, “आई, तिकडं गेली म्हंजे मधात नदी हाये. मले जाऊ दे.” मग ती मुखरूकडे गेली आणि रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडली. मुखरूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पारबताने उठल्यावर पदर सारखा केला आणि ती आत गेली.

सगळे सुगंधाबाईकडे पाहत होते. तिने भाताचं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“बस,” ती मुखरूला म्हणाली. “भात निवून राह्यला.”

मुखरू बसला. तिने त्याच्या पानात वाढलं, नंतर रामाजींच्या, नंतर पुढे. वारलूंनी तिथीचा विषय काढला. रामाजींना माघ चालणार होता. पान अर्धं झाल्यावर त्यांनी मुखरूला विचारलं, की ते पंज्यांवर चालणं आधीच ठरलेलं होतं की तिथल्या तिथे सुचलं. मुखरूने एकदा वाढणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग तो घास गिळून म्हणाला, तिथल्या तिथे.